एका लेकीचे दोन कागद

समुपदेशक बाईंनी आमच्या दोघांपुढं एकेक कोरा कागद सरकवला आणि म्हणाल्या, "तुमच्या मुलीचा एक आठवडा लिहून काढा. कधी उठते, काय खाते, कशाला भिते, कशानं खूश होते. सगळं लिहा, पण एकमेकांचं बघू नका."

लातूरच्या कोर्टातली ती लहानशी खोली होती. घटस्फोट आम्ही दोघांच्या संमतीनं मागत होतो, त्यात वाद नव्हता. प्रश्न होता नऊ वर्षांच्या मुलीचा. ती कुणाकडं, कधी, किती दिवस राहील हे तुम्ही दोघांनी ठरवा, लिहून आणा, मग जजसाहेबांपुढं ठेवू, असं बाईंचं म्हणणं. त्याला त्या 'पेरेंटिंग प्लॅन' म्हणायच्या. तो शब्द ऐकला की घर बांधायची परवानगी काढायला आल्यासारखं वाटायचं मला. आम्ही तर घर मोडायला आलो होतो.

मी व्हरांड्यातल्या बाकड्यावर बसून लिहिलं. मुलीच्या वडिलांनी खिडकीशी उभं राहून, भिंतीला कागद लावून लिहिलं. आता त्यांना काय म्हणायचं, हेही मला कळत नव्हतं. अकरा वर्षं 'अहो' म्हणत आले होते. वेगळं झाल्यावर 'अहो' तोंडातून निघेना. नाव घ्यायची सवय नव्हती. 'सर' म्हणावं तर ते कॉलेजातल्या पोरांचे सर, माझे कुठले? शेवटी मी हाकेशिवायच वाक्य सुरू करू लागले, दुकानदाराशी बोलावं तसं.

बाईंनी दोन्ही कागद शेजारी ठेवून वाचले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"तुम्हाला मुली दोन आहेत का हो?"

"एकच की," मी म्हटलं.

"मग हे बघा."

मी लिहिलं होतं, कुत्र्याला फार भिते, रस्त्यात कुत्रं दिसलं की एवढ्या मोठ्या मुलीला कडेवर घ्यावं लागतं. त्यांच्या कागदावर होतं, गल्लीतल्या कुत्रीला रोज पोळी घालते. मी लिहिलं होतं, कारलं ताटाजवळ आणू देत नाही. त्यांनी लिहिलं होतं, कारलं मागून खाते. माझ्याकडं तिला दिवा चालू ठेवल्याशिवाय झोप येत नव्हती, त्यांच्याकडं उजेड असला की झोप येत नव्हती. माझी मुलगी दिवसभर बडबडायची. त्यांची अबोल होती, आपल्यातच रमणारी.

मला वाटलं, यांनी खोटं लिहिलंय. कोर्टापुढं चांगलं दिसावं म्हणून. त्यांनाही तेच वाटलं असावं. ते बाईंना म्हणाले, "ही महिन्यातून दोनदा भेटते मुलीला. हिला काय माहिती असणार?"

तो दोनदाचा हिशेब खरा होता.

आमच्या घरात कधी आरडाओरडा झाला नाही. हात तर कुणी कुणावर उगारलाच नाही. म्हणून तर कशामुळं मोडलं हे लोकांना सांगता येत नव्हतं, आणि खरं सांगायचं तर मलाही नीट सांगता येत नाही. त्यांना राग आला की ते बोलणं बंद करायचे. आठ दिवस, पंधरा दिवस, एकदा तर उन्हाळ्याची अख्खी सुट्टी. सुरुवातीला मी मागं लागायचे, काय झालं ते तरी सांगा म्हणून. मग मीही शिकले. दोघंही गप्प. आणि मधे आमची मुलगी. "पप्पाला सांग, ताट वाढलंय." "मम्मीला सांग, भूक नाही." ती या खोलीतून त्या खोलीत जायची. सहा वर्षांची होती तेव्हापासून.

मी सरकारी दवाखान्यात फार्मासिस्ट आहे. आधी लातूरजवळ होते, मग उमरीला बदली झाली. मी नांदेडला, माझ्या माहेरच्याच गावी, स्टेशनजवळ दोन खोल्या भाड्यानं घेतल्या, माझी आई सोबतीला येऊन राहिली. सकाळच्या रेल्वेनं उमरीला जायचं, संध्याकाळी परत. मुलगी तिसरीत होती. सगळ्या मराठवाड्यातले लोक लेकरं शिकायला लातूरला आणून ठेवतात, आणि मी तिला लातूरमधून उचलून कुठं नेणार होते? मी दिवसभर घरी नाही. वडील दुपारी तीनला घरी येतात. तेव्हा तिनं तिकडंच राहावं हे मीच म्हटलं. सही करून दिल्यासारखं म्हटलं. आणि म्हटल्यावर मग आपण नेमकं कशाला हो म्हटलं, हेच कळेना.

दवाखान्यात औषधाच्या खिडकीशी बायका विचारायच्या, "सिस्टर, लेकरं किती?" मी सिस्टर नव्हे, पण त्यांना सगळ्या सारख्याच.

"एक मुलगी."

"कुठं असती?"

"लातूरला. वडिलांजवळ."

"अन् तुम्ही इकडं?" मग त्या माझ्या तोंडाकडं बघत राहायच्या. बाप लेकरं सोडून जातो हे त्यांना माहीत होतं. लेकरू बापाजवळ आणि आई दुसरीकडं, हे त्यांच्या हिशेबात बसत नव्हतं. माझ्याही कुठं बसत होतं? मी दरवेळी वेगळं उत्तर द्यायचे. कधी म्हणायचे, परीक्षा झाली की येणार आहे इकडं. कधी म्हणायचे, माझीच बदली होणार आहे तिकडं. एकदा लोह्याकडच्या एका म्हातारीला मी सांगून टाकलं, मला लेकरू नाही. तिनं खिडकीतून हात घालून माझा हात दाबला, म्हणाली, "व्हईल गं बाई." त्या दिवशी माझा डबा तसाच परत आला.

समुपदेशक बाईंनी आम्हाला महिनाभराची मुदत दिली. "एकेक दिवस एकमेकांच्या घरी जा. तिला खोदून विचारायचं नाही. नुसतं बघायचं. मग एकच कागद लिहून आणा."

पहिल्यांदा मी गेले. रविवारी सकाळी लातूरला उतरले. ज्या दाराला मी आठ वर्षं कडी घातली त्या दाराची बेल वाजवून उभी राहिले. चपला बाहेर काढाव्यात की आतल्या रॅकमधे ठेवाव्यात, इथूनच गोंधळ. बाहेर काढल्या तर पाहुणी, आत ठेवल्या तर हक्क दाखवल्यासारखं. उंबऱ्याजवळ, अर्ध्या आत अर्ध्या बाहेर अशा काढल्या. त्यांनी चहा केला. चहा चांगला झाला होता. त्यांना चहा करता येतो हेच मला माहीत नव्हतं. पिऊन झाल्यावर कप घेऊन ओट्याजवळ गेले, धुवायला नळ सोडला, पुन्हा बंद केला आणि कप तसाच उचलून टेबलावर आणून ठेवला. ते बघत होते.

"ती कुठाय?" मी विचारलं.

"खाली. गॅलरीतून बघ."

खाली गल्लीत एका बंद दुकानाच्या पायरीवर मुलगी बसली होती. शेजारी एक तांबडी कुत्री. मुलीनं तिचा कान हातात धरला होता आणि त्या कानात ती काहीतरी सांगत होती. बराच वेळ सांगत होती. कुत्री डोळे मिटून ऐकत होती.

मी वरून हाक मारली. नको होती मारायला, पण मारली. तिनं वर बघितलं. मला बघून उठली. कुत्रीही शेपूट हलवत तिच्यामागं उठली. तशी मुलगी किंचाळली, "मम्मी गं!" आणि धावत जिना चढून वर आली, माझ्या कमरेला मिठी मारली. छातीत धडधडत होतं तिच्या. ती भीती खोटी नव्हती, हे मी शपथेवर सांगेन. पण एका मिनिटापूर्वीचं कान धरणंही खोटं नव्हतं.

तिचे वडील माझ्यामागंच उभे होते. त्यांनीही सगळं बघितलं होतं. आम्ही एकमेकांकडं बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदाच बघितलं असेल.

जेवायला त्यांनी मुद्दाम कारल्याची भाजी केली होती. तिनं एक घास खाल्ला, माझ्याकडं बघितलं. दुसरा घास हातात घेतला, वडिलांकडं बघितलं. मग तो घास ताटात ठेवला आणि पोट दुखतंय म्हणून उठून गेली. आम्ही दोघं कारलं खात बसलो. मला आवडत नाही कारलं, तरी सगळं संपवलं.

पंधरा दिवसांनी ती माझ्याकडं नांदेडला होती तेव्हा ते आले. माझ्या आईची सकाळपासून धांदल.

"काय करू गं जेवायला? जावई म्हणून करू का पाहुणा म्हणून करू?"

"मला काय माहीत, आई."

"तुला न्हाई माहीत तर मला कसं माहीत असंल? हाव का न्हाई ते तरी सांग. जावई हाय का न्हाई आता?"

"कागदावर अजून आहे."

"मग धपाटे करते," आई म्हणाली. धपाटे कसे मधले ठरले हे मी विचारलं नाही.

ते आले, खुर्चीच्या कडेवर बसले. आईनं पाणी दिलं आणि डोक्यावरचा पदर सारखा करत आत गेली. बाहेर बोळात मुलगी शेजारच्या पोरींबरोबर खेळत होती. खेळता खेळता तिचा आवाज आला, "ए, राज्य तुझ्यावर हाय की! लई शानी झाली का? मी न्हाई देणार डाव, जा!"

त्यांच्या हातातला तांब्या तसाच राहिला. "ही आपलीच का?"

"मग कुणाची?"

"घरी ती असं बोलत नाही." मग म्हणाले, "मी दुरुस्त करतो ना. 'न्हाई' नाही, 'नाही' म्हणायचं. त्यामुळं असेल."

तेवढ्यात ती पाणी प्यायला आत आली. वडिलांना बघितलं. घाम पुसला, फ्रॉक झटकला आणि वेगळ्याच आवाजात म्हणाली, "पप्पा, तुम्ही केव्हा आलात? प्रवासात त्रास नाही ना झाला?"

आईला हसू फुटलं. मला हसता येईना, त्यांनाही येईना.

जाताना ते पायरीवर बूट घालत थांबले. तिथं आमचं बोलणं झालं. आता मला आठवत नाही की हे ते म्हणाले की मी म्हटलं, "आपण बोलत नव्हतो तेव्हा ती मधे होती. ज्याच्या खोलीत जायची त्याच्यासारखी होऊन जायची." दोघांपैकी कुणीतरी म्हटलं एवढं खरं. दुसऱ्यानं मान हलवली.

आम्ही परत बाईंकडं गेलो. मी विचारलं, "मग यातली खरी कोणती?"

"ते मला नाही सांगता येणार, ताई," बाई म्हणाल्या. "सध्या शनिवार-रविवारचं ठरवू या का?"

मला त्यांचा राग आला. इतकं मोठं काहीतरी आमच्यापुढं उघडं पडलं होतं आणि त्या शनिवार-रविवार म्हणत होत्या. पण शनिवार-रविवारच ठरवायचा होता. तेवढंच आमच्या हातात होतं.

शाळा लातूरला. दुसऱ्या आणि चौथ्या शनिवारी ती नांदेडला. उन्हाळ्याची सुट्टी माझ्याकडं, शेवटचे दहा दिवस सोडून. फोन रोज संध्याकाळी साडेसातला, तिच्या हातात द्यायचा, स्पीकरवर ठेवायचा नाही. आजारी पडली तर जिच्याजवळ किंवा ज्याच्याजवळ असेल त्यानं डॉक्टर ठरवायचा आणि त्याच दिवशी दुसऱ्याला कळवायचं. "मुलीच्या तोंडी निरोप पाठवायचा नाही," हे कलम त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं मीच सांगेन.

"दिवाळी?" बाईंनी विचारलं.

"तुम्ही घ्या," मी म्हटलं.

"तू घे, काही अडचण नाही," ते म्हणाले.

बाई चकित झाल्या. त्यांच्याकडं येणारी बहुतेक भांडणं दिवाळीवरूनच होत असावीत. मग त्यांनी कॅलेंडर पुढं सरकवलं. एप्रिलच्या पानावर आम्ही दोघंही एकदम बोललो. चौदा एप्रिल. लातूरला त्यांच्या कॉलनीतल्या मिरवणुकीत ती लेझीमच्या पथकात असते, पांढरा ड्रेस, निळा फेटा. आणि नांदेडला माझ्या वडिलांच्या मोहल्ल्यात मी स्वतः लहानपणापासून त्या दिवशी सकाळी वंदनेला बसत आले. वडील गेल्यापासून आई त्या दिवसासाठीच वर्षभर पांढरी साडी जपून ठेवते. आम्ही अर्धा तास भांडलो. इतकं आम्ही लग्नात कधी भांडलो नव्हतो. बाई शांतपणे ऐकत होत्या. मला मधेच वाटून गेलं, असंच मोठ्यानं भांडता आलं असतं तेव्हा, तर? मग वाटलं, तर काय? काहीच कळलं नाही. शेवटी एक वर्ष इकडं, एक वर्ष तिकडं असं ठरलं.

राहिलं मुलीला आणायचं-पोचवायचं. आम्ही दोघांनी आधीच ठरवलं होतं, अहमदपूरचा स्टँड. साधारण मधे पडतो. मी तिकडून यायचं, त्यांनी इकडून, तिथं मुलगी द्यायची. सोयीचं होतं. बाई म्हणाल्या, "तिला एकदा विचारते," आणि तिला आत घेऊन अर्धा तास बसल्या. आम्ही व्हरांड्यात. दार उघडलं तेव्हा मुलगी पुढं आली आणि आमच्याकडं न बघता, भिंतीकडं बघून म्हणाली, "स्टँडवर नको. घरी न्यायला या. आत या. पाणी प्या. बोला. मग जाऊ."

"कोण बोलायचं?" मी विचारलं.

"तुम्ही दोघं. माझ्याशी नाही. तुमच्या तुमच्यात."

"किती वेळ?" त्यांनी विचारलं. खरंच विचारलं, वर्गात विचारावं तसं.

तिनं थोडा विचार केला. "पाच मिनिटं."

हे अर्जात कसं लिहायचं, हा प्रश्न पडला. आमच्या वकिलांनी टाइप करताना ते गाळलं. म्हणाले, असं कलम नसतं. बाईंनी ते पेनानं पुन्हा लिहिलं: मुलीस न्यावयास येणाऱ्या पालकाने घरात येऊन किमान पाच मिनिटे थांबावे व दुसऱ्या पालकाशी बोलावे. साहेबांनी वाचलं, आमच्याकडं बघितलं आणि सही केली.

सुरुवातीची ती पाच मिनिटं फार जड गेली. मुलगी दप्तर पाठीला लावून समोर बसायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघायची. आम्हाला विषय सापडायचा नाही.

"नळ आलाय का?" मी विचारायचे.

"परवा येऊन गेला. आता पुढच्या आठवड्यात."

"नांदेडला बरं आहे पाण्याचं. विष्णुपुरी धरण भरलंय."

"हो, पेपरात होतं."

मुलगी म्हणायची, "अजून दोन मिनिटं आहेत." मग मी उन्हाचं बोलायचे, ते बारावीच्या पोरांचं बोलायचे. कधी कधी पाचची दहा मिनिटं व्हायची आणि मग बस चुकायची. तेव्हा मला घाबरल्यासारखं व्हायचं. आता बोलता येतंय, मग तेव्हा काय झालं होतं? हा प्रश्न मी कुणाला विचारणार? आईला एकदा विचारला. ती म्हणाली, "आता तुला रोज उठून त्यांच्यासंगं ऱ्हायचं न्हाई ना. पावन्याशी कोणबी चांगलं बोलतं." असेल.

याला तीन वर्षं झाली. कागद तसाच आहे, आम्ही तो बऱ्याचदा मोडला. परीक्षा आली, लग्न आलं, एकदा आई आजारी पडली. फोन साडेसातचा आठला गेला, मग मुलीनंच तो बंद केला. म्हणाली, वाटलं तर मीच करीन. कुत्र्यांना ती आता नांदेडलाही भीत नाही. कारलं मात्र दोन्हीकडं बंद केलंय.

यंदा ती बारा वर्षांची झाली. एका मंगळवारी सकाळी मी उमरीला औषधं देत होते. बाहेर रांग होती. तिच्या वडिलांचा फोन आला. कामाच्या वेळी ते कधी करत नाहीत. मी खिडकी सहकाऱ्याकडं सोपवून बाहेर आले.

"ती... शाळेतून घरी आलीय. वर्गातल्या बाईंनी मला कॉलेजातून बोलावून घेतलं. तिला ते... सुरू झालंय. मला काही सुचत नाहीये. तू येतेस का?"

मी त्यांना फोनवर सगळं सांगितलं. काय आणायचं, तिला काय सांगायचं, गरम पाण्याची पिशवी कुठं असेल. मग दवाखान्यातल्या साहेबांना सांगून निघाले. उमरीहून नांदेड, नांदेडहून लातूर. बसमधे मी तिला काय काय सांगायचं ते मनात जुळवत होते. माझ्या वेळी आईनं काहीच सांगितलं नव्हतं, एक जुनी साडी फाडून दिली होती फक्त. मी तसं करणार नव्हते. मी नीट सांगणार होते, शेजारी बसून. या एका गोष्टीत तरी मी तिची आई होते आणि तिथं दुसरं कुणी चालणार नव्हतं, असं मला वाटत होतं.

चार वाजून गेल्यावर पोचले. मुलगी पलंगावर पाय पोटाशी घेऊन बसली होती आणि वरण-भात खात होती. समोर टेबलावर चार वेगवेगळ्या कंपन्यांची पाकिटं मांडलेली. कुठलं लागतं ते कळेना म्हणून त्यांनी दुकानातली सगळी आणली होती. शेजारी माझ्या फोनवरच्या सूचना त्यांच्या अक्षरात, आकडे टाकून लिहिलेला एक कागद.

तिनं माझ्याकडं बघितलं. आश्चर्यानं.

"मम्मी? आज तर मंगळवार आहे. तू कशाला आलीस?"

"अगं, पप्पांचा फोन..."

"सांगितलं ना त्यांनी मला सगळं. वाचून दाखवलं." तिनं एक घास घेतला. "पोट दुखतंय थोडं. पण ठीक आहे."

मी तिच्याशेजारी बसले. बसमधे जुळवलेलं एकही वाक्य आठवेना. तिनं खांदा माझ्या खांद्याला टेकवला आणि जेवत राहिली. त्या टेकण्यात तिला माझी गरज होती, की मी इतक्या लांबून आले म्हणून माझ्यासाठी ती टेकली होती? पूर्वी मी लगेच एक उत्तर धरलं असतं. मला आनंद व्हायला हवा होता. थोडा झालाही. आणि थोडं असं वाटलं की माझ्या हातातून कुणीतरी हलकेच भांडं काढून घेतलं.

संध्याकाळी त्यांनी मला स्कूटरवर स्टँडवर सोडलं. बस लागायची होती. आम्ही फलाटावर उभे राहिलो.

"हे त्या कागदात नव्हतं आपण लिहिलं," ते म्हणाले.

"काय लिहिणार होतो?"

त्यांनी स्कूटरची किल्ली या हातातून त्या हातात घेतली. "पुढच्या वेळी असं काही झालं, तर आधी तुला फोन करू की आधी तिला विचारू, मम्मीला बोलावू का म्हणून?"

नांदेडची गाडी फलाटाला लागत होती. लोक खिडकीतून रुमाल टाकून जागा धरत होते.

"मला खरंच माहीत नाही," मी म्हटलं. "मी शनिवारी सांगते."

"शनिवारी मी नाही घरी, पेपर तपासायला जायचंय. पण थांबीन. तू ये."

मी गाडीत चढले.